इंग्लंडमधील खेड्याचा आणि त्याच्या पॅरिशचा इतिहास कसा शोधावा

इंग्लंडमधील अगदी साध्या खेड्याचेही चारशे-साडेचारशे वर्षांचे कागद हाती लागू शकतात. कोण जन्मले, कोणाचे लग्न कोणाशी लागले, कोणी शेजाऱ्याचा बांध नांगरला, कोणत्या विधवेला आठवड्याला किती पेन्स मदत मिळाली आणि ती मदत कोणी बंद केली, हे सारे कोणी ना कोणी लिहून ठेवलेले असते. कागदांची वाण क्वचितच पडते. मात्र ते अनेक दप्तरखान्यांत विखुरलेले असतात आणि प्रत्येक कागद वेगळ्या हद्दीचा, वेगळ्या अधिकाऱ्याने वेगळ्या हेतूने लिहिलेला असतो, ही खरी अडचण आहे. पाद्री आत्म्यांची नोंद ठेवत होता, मॅनरचा, म्हणजे जहागिरीचा, कारभारी जमिनीची आणि गरीब-निधीचा पर्यवेक्षक पैशांची. हे तिन्ही कागद एकमेकांसमोर ठेवून वाचल्याशिवाय गावाचा इतिहास उभा राहत नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील पायऱ्या त्याच दृष्टीने मांडल्या आहेत. इंग्लंडमधील खेड्यांत राहणारे मराठी वाचक आणि इथूनच संगणकावर अभ्यास करू इच्छिणारे, अशा दोघांनाही त्या वापरता येतील. मुख्य उदाहरण म्हणून नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन हे गाव घेतले आहे, कारण तिथली मध्ययुगीन पद्धतीची सामायिक शेती आजही चालू आहे. जिथे दुसऱ्या गावाचे उदाहरण अधिक चांगले शिकवते तिथे ते घेतले आहे.

पहिले काम: हद्द ठरवणे

गाव, पॅरिश आणि मॅनर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या सीमा क्वचितच तंतोतंत जुळतात. पॅरिश म्हणजे ज्या प्रदेशातील लोक एका विशिष्ट चर्चला आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा देत, तिथेच बाप्तिस्मा घेत आणि तिथेच पुरले जात, तो प्रदेश. मॅनर म्हणजे एका जमीनदाराची जहागीर, जिचे स्वतःचे न्यायासन असे. एका पॅरिशमध्ये दोन-तीन मॅनर असू शकत आणि एक मॅनर दोन-तीन पॅरिशमध्ये पसरलेली असू शके. उत्तर इंग्लंडमध्ये एकाच पॅरिशमध्ये अनेक वाड्यावस्त्या येत, तर दक्षिणेत आणि पूर्वेत एक गाव म्हणजे एक पॅरिश असे चित्र अधिक दिसते. त्यात १८९४ च्या कायद्याने निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिली आल्या आणि चर्चच्या व्हेस्ट्री सभेकडे असलेला दिवाणी कारभार त्यांच्याकडे गेला, म्हणून तेव्हापासून धार्मिक पॅरिश आणि दिवाणी पॅरिश हे दोन वेगळे प्रदेश म्हणून पाहावे लागतात.

लॅक्स्टनचेच पाहा. जवळची मूरहाउस ही वस्ती लॅक्स्टनच्या पॅरिशमध्ये मोडते, पण तिथले छोटे प्रार्थनामंदिर १८६० च्या सुमारास शेजारच्या ऑसिंग्टन इस्टेटचे मालक आणि हाउस ऑफ कॉमन्सचे तत्कालीन सभापती जॉन एव्हलिन डेनिसन यांनी बांधवले. लॅक्स्टन गावातील बहुतांश जमीन मात्र मॅनव्हर्स घराण्याची होती. म्हणजे पॅरिश एक, पण जमीनमालकांची दप्तरे दोन. हे आधी लक्षात आले नाही तर अर्धे कागद शोधायचेच राहून जातात.

यासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-खात्याचा एका मैलाला सहा इंच या प्रमाणाचा एकोणिसाव्या शतकातील नकाशा घ्यावा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही हे नकाशे विनामूल्य पाहता येतात. त्यावर पॅरिशची सीमा ठिपक्यांनी दाखवलेली असते. ती वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावी आणि खाली चार गोष्टी लिहाव्यात: काउंटी कोणती, कोणत्या काळात कोणता बिशप, गरीब-निधीच्या १८३४ नंतरच्या कोणत्या युनियनमध्ये, म्हणजे अनेक पॅरिशच्या एकत्र गटात, गाव गेले, आणि मॅनर किती. बिशपचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. नॉटिंगहॅमशायर १८३७ पर्यंत यॉर्कच्या धर्मप्रांतात होते, त्यामुळे त्याचे काही चर्चविषयक कागद आजही यॉर्कमध्ये शोधावे लागतात.

घरबसल्या होणारे वाचन

दप्तरखान्यात जाण्यापूर्वी आधीच्या अभ्यासकांनी काय लिहिले ते वाचून घ्यावे. व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी हा १८९९ मध्ये सुरू झालेला आणि अजून चालू असलेला प्रकल्प पॅरिशवार इतिहास देतो आणि त्याचे अनेक खंड ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन या संकेतस्थळावर आहेत. सगळ्या काउंट्या पूर्ण झालेल्या नाहीत. नॉटिंगहॅमशायरचे पॅरिशवार खंड निघालेच नाहीत, त्यामुळे तिथे रॉबर्ट थॉरोटन यांनी १६७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जुन्या ग्रंथाकडे वळावे लागते. अशा जुन्या ग्रंथांत जमीनदारांच्या वंशावळी भरपूर आणि कुळे, मजूर व बायका जवळजवळ नाहीतच, हे ध्यानात ठेवून ते वाचावेत.

त्यानंतर १०८६ ची डूम्सडे, म्हणजे राजाने करवलेली जमीन-उत्पन्नाची, पाहणी पाहावी. लॅक्स्टन १०६६ पूर्वी टोकी नावाच्या सरदाराकडे होते आणि पाहणीच्या वेळी जेफ्री अल्सेलिन या नॉर्मन सरदाराकडे गेले होते, हे तिथे कळते. त्यातील माणसांचे आकडे कुटुंबप्रमुखांचे असतात. लोकसंख्येचा अंदाज करायचा तर त्यांना साधारण साडेचार ते पाचने गुणतात. डूम्सडेमध्ये चर्चचा उल्लेख नसला म्हणजे चर्च नव्हते, असे मात्र समजू नये, कारण पाहणीचा हेतू राजाला मिळणारे उत्पन्न मोजण्याचा होता.

शेवटी नॅशनल आर्काइव्ह्जच्या डिस्कव्हरी या सूचीत गावाचे नाव टाकून कोणते कागद कोठे आहेत याची यादी करावी. त्यातच मॅनरच्या कागदांची नोंदवही आहे. लॅक्स्टनच्या मॅनरचे कागद नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या हस्तलिखित विभागात मॅनव्हर्स संग्रहात आहेत, तर पॅरिशचे कागद काउंटीच्या दप्तरखान्यात.

चर्चची इमारत वाचणे

चर्च हा गावातील बहुधा सर्वांत जुना उभा पुरावा असतो, पण तो सावधपणे वाचावा लागतो. अर्धगोल कमानी आणि जाड खांब साधारण बाराव्या शतकाचे, अरुंद टोकदार खिडक्या तेराव्याच्या, नक्षीदार दगडी जाळीच्या खिडक्या चौदाव्याच्या आणि उभ्या सरळ रेषांच्या रुंद खिडक्या त्यानंतरच्या, असा स्थूल क्रम डोक्यात ठेवून इमारतीभोवती बाहेरून एक संपूर्ण फेरी मारावी. बाहेरच्या भिंतीत बुजवलेल्या कमानी दिसतात का ते विशेष पाहावे. यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी या उजाड गावात सेंट मार्टिन चर्चचे अवशेष आहेत. लोकसंख्या वाढली तेव्हा त्याला बाजूच्या ओवऱ्या जोडल्या गेल्या आणि गाव ओसरू लागल्यावर त्या पाडून कमानी बुजवल्या गेल्या. गावाची भरभराट आणि उतरण भिंतीत अशी उघड वाचता येते. तिथे मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांच्या नेतृत्वाखाली १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे उन्हाळी उत्खनने झाली आणि मध्ययुगीन खेड्यातील सामान्य माणसाच्या घराबद्दल आज जे ठाऊक आहे त्यातील पुष्कळ भाग त्यातून आला.

उलट लॅक्स्टनच्या सेंट मायकेल चर्चची १८५९-६० मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि त्या वेळी मुख्य दालनाची लांबीच कमी केली गेली. इमारत मध्ययुगीन आहे हे खरे, पण तिचा आजचा आकार व्हिक्टोरियन आहे. आत एव्हरिंगहॅम घराण्याच्या मृतांचे पुतळे आहेत आणि त्यांतील एका स्त्रीचा चौदाव्या शतकातील पुतळा ओक लाकडाचा आहे. दगडी पुतळे पुष्कळ ठिकाणी टिकले. लाकडाचा टिकणे दुर्मीळ, म्हणून तो नीट पाहून घ्यावा. दफनभूमीतील थडग्यांचे दगड बहुधा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचे असतात आणि ते ज्यांना परवडले त्यांचेच असतात. तिथे पुरलेल्यांपैकी बहुसंख्यांच्या नावाचा दगडच नसतो, म्हणून यापुढचे काम नोंदवह्यांचे.

पॅरिशच्या नोंदवह्या

सप्टेंबर १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशने लग्ने, बाप्तिस्मे आणि दफने दर आठवड्याला लिहून ठेवावीत असा हुकूम काढला. सुरुवातीच्या वह्या कागदाच्या होत्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून घेण्याचा आदेश निघाला आणि त्यात एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या, नोंदींवर विशेष भर होता. अनेक गावांच्या वह्या १५३८ ऐवजी १५५८ पासून का सुरू होतात, याचे हे उत्तर आहे. त्याच सुमारास दरवर्षी बिशपकडे एक नक्कल पाठवण्याची पद्धतही पक्की झाली. मूळ वही जळाली, भिजली किंवा उंदरांनी खाल्ली असली तर या नकला उपयोगी पडतात, आणि मूळ वही शाबूत असली तरी दोन्ही ताडून पाहाव्यात, कारण नक्कल करताना नावे गळतात आणि कधी कधी मूळ वहीत नसलेला तपशील नकलेत सापडतो.

वाचताना तारखेपासून सुरुवात करावी. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. वहीत ‘१० फेब्रुवारी १६७२’ असे दफन असेल तर आपल्या हिशेबाने ते १६७३ मधले असते. हे विसरले की बाळ आईबापांच्या लग्नाआधी जन्मले असा खोटा निष्कर्ष निघतो. आपल्या टिपणात अशी तारीख ‘१६७२/७३’ अशी लिहावी. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला, हेही लक्षात असू द्यावे. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे हस्ताक्षर शिकावेच लागते. नॅशनल आर्काइव्ह्जचा विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम त्यासाठी पुरेसा आहे आणि लॅटिन नोंदींत तेच पंधरा-वीस शब्द पुन्हा पुन्हा येत असल्याने त्यांना घाबरण्याचे कारण नाही.

नोंदींचे स्वरूप कायद्यांबरोबर बदलत गेले. यादवी युद्धाच्या काळात, १६४२ पासून १६६० पर्यंत, पुष्कळ वह्यांत खंड पडतो. १६७८ च्या कायद्याने मृतदेह लोकरीच्याच कापडात गुंडाळल्याची शपथ मागितली, तिची खूण दफनाच्या नोंदीशेजारी दिसते. मार्च १७५४ पासून लग्नांना वेगळी वही आणि वधूवरांच्या सह्या किंवा सहीऐवजी काढलेल्या फुल्या आल्या. गावात किती जणांना आणि किती जणींना सही करता येत होती, हे त्यावरून मोजता येते. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सांचा कर होता आणि गरिबांना त्यातून सूट होती. त्या वर्षांत नावापुढे गरीब असल्याची खूण दिसली तर ती कुटुंबाच्या परिस्थितीबद्दल मोलाची माहिती देते, पण सगळे खूण असलेले लोक खरोखर निर्धनच होते असे नाही. १८१३ पासून छापील नमुने आले आणि बाप्तिस्म्यात बापाचा व्यवसाय, दफनात वय लिहिले जाऊ लागले.

आता प्रत्यक्ष काम. एकेका पूर्वजाचा माग काढण्याऐवजी सगळ्या वहीची मोजणी करावी. तक्त्यात प्रत्येक वर्षासाठी बारा महिन्यांचे रकाने करून बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने भरावीत आणि दर दहा वर्षांची सरासरी काढावी. ज्या वर्षी दफने सरासरीच्या दुप्पट होतात ते संकटाचे वर्ष. मग महिने पाहावेत: उन्हाळ्याच्या अखेरीस अचानक चढ असेल तर प्लेगची शंका घ्यावी, लहान मुलेच अधिक गेली असतील तर देवी किंवा तत्सम साथ, आणि धान्य महाग असलेल्या वर्षांत लग्ने व बाप्तिस्मेही घटले असतील तर उपासमार. १६२३ मध्ये वायव्य इंग्लंडमध्ये असा दुष्काळ पडला होता. केंब्रिजमधील १९६४ मध्ये स्थापन झालेल्या लोकसंख्या-इतिहास अभ्यासगटाने ४०४ पॅरिशच्या अशाच मोजण्या एकत्र करून इंग्लंडची १५४१ ते १८७१ पर्यंतची लोकसंख्या उभी केली. त्यांतील बऱ्याच मोजण्या गावोगावच्या हौशी अभ्यासकांनी हाताने केलेल्या होत्या, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

वहीत कोण नाही, हेही विचारावे. क्वेकर, बॅप्टिस्ट आणि पुढे मेथडिस्ट अशा, अधिकृत चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथांची कुटुंबे बाप्तिस्म्याच्या नोंदीत अनेकदा नसतात. अठराव्या शतकात जन्म आणि बाप्तिस्मा यांतील अंतर वाढत गेले, त्यामुळे मधल्या काळात गेलेली बालके केवळ दफनाच्या पानावर भेटतात, किंवा भेटतच नाहीत.

पॅरिशची पेटी

प्रत्येक पॅरिशमध्ये एक भक्कम लाकडी पेटी असे. तिला तीन कुलपे असावीत आणि एक किल्ली पाद्र्याकडे व एकेक चर्चचा कारभार पाहणाऱ्या दोन चर्चवॉर्डनकडे असावी, असा नियम १६०३ च्या धर्मनियमांत होता, म्हणजे तिघे हजर असल्याशिवाय पेटी उघडत नसे. तिच्यातले कागद आज बहुधा काउंटीच्या दप्तरखान्यात असतात. माझ्या मते खेड्याच्या इतिहासाचा सर्वांत श्रीमंत साठा हाच आहे आणि सर्वांत कमी वाचला जाणाराही हाच.

चर्चवॉर्डनचे हिशेब सर्वांत जुने. डेव्हनमधील मोरबाथ या छोट्या गावात सर ख्रिस्तोफर ट्रायके हा पाद्री १५२० पासून १५७४ पर्यंत होता आणि गावाचे हिशेब तो स्वतः लिहून पॅरिशसमोर मोठ्याने वाचून दाखवत असे. चर्चच्या मालकीच्या मेंढ्या कोणत्या शेतकऱ्याकडे राखायला दिल्या आहेत, कोणती मेली, लोकर किती विकली गेली, हे सारे त्यात आहे. त्या मेंढ्यांच्या उत्पन्नातून संतांच्या मूर्तींपुढे मेणबत्त्या जळत. धर्मसुधारणेच्या हुकुमांनंतर मूर्ती गेल्या, मेणबत्त्या गेल्या, मेंढ्या गेल्या, आणि नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्धच्या १५४९ च्या बंडात एक्सेटरजवळच्या छावणीकडे पाठवलेल्या पाच तरुणांचा खर्चही याच वहीत नोंदला गेला. लंडनमधील राजकीय निर्णय एका डोंगराळ खेड्यात कसा पोहोचला हे समजायला याहून चांगला कागद क्वचितच मिळेल. आपल्या गावाचे असे हिशेब असतील तर खर्चाच्या बाजूकडे अधिक लक्ष द्यावे.

त्यानंतर गरीब-निधीचे कागद. १५९८ आणि १६०१ च्या कायद्यांनी प्रत्येक पॅरिशवर आपल्या गरिबांचा भार टाकला. दरवर्षी पर्यवेक्षक नेमले जात आणि घरटी कर बसवून पैसा जमवत. त्यांच्या वहीत आठवड्याचे अनुदान, बुटांची जोडी, कोळसा, सुईणीची फी, शवपेटी असे खर्च ओळीने येतात. एकाच स्त्रीचे नाव वर्षानुवर्षे शोधत गेले तर तिचे म्हातारपण डोळ्यांसमोर उभे राहते. १६६२ च्या वसाहत कायद्यानंतर मात्र प्रश्न पैशाइतकाच हद्दीचा झाला. बाहेरून आलेला मजूर किंवा गरोदर अविवाहित स्त्री आपल्या पॅरिशवर भार होऊ नये म्हणून त्यांना मूळ पॅरिशमध्ये परत पाठवले जाई. अशा वेळी दोन न्यायाधीशांसमोर माणसाची जबानी होई: कुठे जन्मलो, कोणाकडे वर्षभर नोकरी केली, किती पगार होता, लग्न कुठे झाले. निरक्षर शेतमजुराचे तोंडून आलेले आत्मवृत्त म्हणून या जबान्या अनमोल आहेत. त्या वाचताना पॅरिशची सीमा नकाशावर का उतरवून घेतली होती ते कळते, कारण त्या रेषेच्या कोणत्या बाजूला माणूस उभा आहे यावर त्याची भाकरी ठरत होती.

वाचताना पैशांचा हिशेब आधी पक्का करावा: १२ पेन्सांचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड. आकडे पुष्कळदा रोमन असतात. वर्ष राजाच्या कारकिर्दीने दिलेले असेल तर राज्यारोहणाच्या दिवसापासून मोजावे; एलिझाबेथचे बारावे वर्ष म्हणजे १७ नोव्हेंबर १५६९ ते १६ नोव्हेंबर १५७०.

जमीन: मॅनर, नकाशा आणि एनक्लोजर

लॅक्स्टनचे खरे वैभव इथे आहे. १६३५ मध्ये लंडनचे व्यापारी सर विल्यम कोर्टेन यांच्यासाठी मार्क पियर्स यांनी या मॅनरची मोजणी करून नकाशा काढला. तो आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. सोबतच्या जमीन-यादीत जमिनीची एकेक पट्टी आणि ती कसणाऱ्याचे नाव आहे, आणि नकाशावर नांगरणी, कापणीची छोटी चित्रेही काढलेली आहेत. ज्या गावाला असा नकाशा आहे त्याच्या अभ्यासकाने पहिले काम हे करावे की, यादीतील प्रत्येक नाव त्या दशकातील नोंदवहीत शोधून कुटुंब जुळवावे. वही सांगते घरात किती माणसे होती. यादी सांगते त्यांच्याकडे किती जमीन होती.

सामायिक शेताची पद्धत थोडक्यात अशी. लॅक्स्टनमध्ये आज साउथ फील्ड, मिल फील्ड आणि वेस्ट फील्ड अशी तीन मोठी, कुंपण नसलेली शेते आहेत. प्रत्येक शेतात प्रत्येक कुळाच्या विखुरलेल्या पट्ट्या. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातील पीक आणि तिसरे पड किंवा चाऱ्याखाली, आणि दरवर्षी हा क्रम एकेक शेत पुढे सरकतो. नांगराला अडचणीच्या ओलसर जागी राखलेल्या गवताच्या पट्ट्यांना तिथे साइक म्हणतात आणि त्यांचे गवत दरवर्षी लिलावाने दिले जाते. नोव्हेंबरच्या अखेरीस ज्युरीचे शेतकरी गव्हाच्या शेतात फिरतात, कोणी रस्त्यात किंवा शेजाऱ्याच्या पट्टीत नांगर घातला आहे का ते पाहतात, सीमेच्या खुंट्या पुन्हा ठोकतात, आणि पुढील आठवड्यात डव्हकोट इन या गावातल्या पबमध्ये कोर्ट लीट, म्हणजे मॅनरचे न्यायासन, भरून दंड ठरवला जातो. हे प्रदर्शनासाठी जपलेले नाटक नाही. ते चालू असलेले न्यायासन आहे. मॅनव्हर्स घराण्याने १९५२ मध्ये ही जमीन कृषी मंत्रालयाला विकली, १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे आणि २०२० मध्ये पुन्हा मॅनव्हर्स घराण्याच्या जुन्या थोर्सबी इस्टेटकडे गेली. प्रत्येक हस्तांतरात शेतांची पद्धत चालू ठेवण्याचा प्रश्न पुढे आला, आणि ती टिकली याचे श्रेय कसणाऱ्या कुळांना द्यावे लागते.

इतर बहुतेक गावांत ही शेते मोडून कुंपणे घातली गेली; यालाच एनक्लोजर म्हणतात. काही ठिकाणी ते आपसांतील करारांनी झाले, पुष्कळ ठिकाणी पार्लमेंटच्या कायद्यांनी. १६०४ ते १९१४ या काळात असे पाच हजारांहून अधिक कायदे झाले आणि त्यांतील बहुसंख्य साधारण १७६० ते १८३० मधले. त्यातून तयार झालेल्या एनक्लोजर निवाड्यात प्रत्येक हक्कदाराला कोणता तुकडा मिळाला ते लिहिलेले असते. इथेही नसलेल्यांची यादी करावी: सामायिक कुरणावर गाय चारणारे, सरपण गोळा करणारे झोपडीधारक निवाड्यात कुठे आहेत? ते नसतील तर पुढच्या वीस वर्षांतील गरीब-निधीच्या वहीत त्यांची नावे शोधावीत.

१८३६ च्या कायद्याने धान्यरूपातील दशांश कराचे पैशात रूपांतर झाले आणि त्यासाठी पॅरिशचे मोठ्या मापाचे नकाशे व तक्ते तयार झाले. प्रत्येक तुकड्याचा क्रमांक, मालक, कसणारा, शेताचे नाव, पीक आणि क्षेत्र त्यात असते. सातबारा वाचण्याची सवय असलेल्याला हा तक्ता फारसा परका वाटणार नाही. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये असते: चार रूडांचा एकर आणि चाळीस पर्चांचा रूड. म्हणजे एक रूड बरोबर दहा गुंठे आणि चार पर्च म्हणजे एक गुंठा. एनक्लोजरच्या वेळीच दशांश कर मिटवला गेला असेल तर असा नकाशा नसतो. तो सापडला नाही म्हणून हरवला असे धरू नये.

घर, मृत्युपत्रे आणि एकोणिसावे शतक

१२ जानेवारी १८५८ पूर्वीची मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. त्यांना जोडलेल्या मालमत्तेच्या याद्या घरातील खोल्या क्रमाने सांगतात: दिवाणखान्यात काय, स्वयंपाकघरात काय, माळ्यावर किती धान्य, गोठ्यात किती गुरे. श्रीमंतांच्या याद्या कँटरबरी किंवा यॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयात, मध्यम शेतकऱ्यांच्या स्थानिक न्यायालयात मिळतात.

जनगणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी होते. नावे १८४१ पासून मिळतात आणि जन्माचे पॅरिश १८५१ पासून. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरील वये पाचच्या पटीत खाली उतरवून लिहिली गेली, म्हणून त्यावरून जन्मवर्ष ठरवू नये. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची जनगणना १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ मध्ये ती झालीच नाही. त्या जागी १९३९ ची नोंदणी वापरतात. जुलै १८३७ पासून सरकारी जन्ममृत्यू नोंद आहे. शाळेच्या दैनंदिन वह्या मात्र आवर्जून पाहाव्यात: कापणीच्या दिवसांत वर्ग रिकामा होता, ही एक ओळ गावातील बालमजुरीबद्दल जनगणनेच्या रकान्यापेक्षा अधिक सांगते.

महाराष्ट्रातून जुळणारा धागा

खेड्यातील वहीत एखाद्या तरुणाचा बाप्तिस्मा आहे, पण लग्न किंवा दफन नाही, असे वारंवार होते. त्यांतील काही जण कंपनीच्या किंवा राणीच्या सैन्यातून मुंबई इलाख्यात आलेले असतात. इलाख्यातील पाद्री बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांची नक्कल लंडनला पाठवत. ती मालिका १७०९ पासूनची असून आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरांत आहे. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांची नावे आहेत. मुंबई आणि पुण्याच्या जुन्या दफनभूमींत वाचता येण्याजोगे दगड अजून आहेत. इथे राहणाऱ्या अभ्यासकाने अशा दगडावरील मजकूर जसाच्या तसा उतरवून त्या व्यक्तीच्या मूळ पॅरिशच्या इतिहासाशी जोडला, तर इंग्लंडमधील अभ्यासकाला मिळू न शकणारा दुवा तो पुरवू शकतो.

दंतकथा तपासणे

प्रत्येक गावाला एक आवडती कथा असते. डर्बीशायरमधील ईयम गावाची कथा सर्वांना ठाऊक आहे: सप्टेंबर १६६५ मध्ये प्लेग आला, रेक्टर विल्यम मॉम्पेसन आणि आधीचे पाद्री थॉमस स्टॅनली यांच्या सांगण्यावरून गावाने स्वतःला कोंडून घेतले, रोग बाहेर पसरू दिला नाही, आणि साधारण चौदा महिन्यांत अडीचशेहून अधिक माणसे गेली. मृतांत मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीनही होती. मृत्यूंची संख्या नोंदवहीवर आधारलेली आहे, पण उपलब्ध वही नंतर उतरवून काढलेली नक्कल आहे. गावाची लोकसंख्या पूर्वी साडेतीनशेच्या आसपास धरली जाई, म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश गाव गेले. पुढील अभ्यासकांनी चुलींवरील कराच्या याद्या वापरल्यावर ती सातशेच्या घरात असल्याचे दिसले, म्हणजे मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक. याने गावकऱ्यांचे दुःख कणभरही कमी होत नाही, पण किती जण वाचले आणि त्यांनी पुढे काय केले, हा प्रश्न नव्याने उघडतो. १६६२ ते १६८९ पर्यंत चाललेल्या या चूल-कराच्या याद्या आपल्या गावासाठीही काढाव्यात. चुलींच्या संख्येवरून गावातील सुस्थिती आणि गरिबी यांचे मोजमाप होते, आणि करमाफी मिळालेल्यांची यादी असेल तर ती सर्वांत आधी वाचावी.

दप्तरखान्यातील शिस्त आणि लेखन

दप्तरखान्यात जाताना छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घ्यावा, टेबलावर फक्त पेन्सिल ठेवावी आणि छायाचित्रे काढण्याचे शुल्क व नियम आधी विचारावेत. कागदाचा संदर्भ क्रमांक पहिल्या छायाचित्रातच येईल अशी सवय लावावी. मूळ शब्द जसाच्या तसा उतरवावा आणि आपला अर्थ वेगळ्या रकान्यात लिहावा. शंभर वर्षांच्या आतील व्यक्तींबद्दल, विशेषतः अनौरस जन्म आणि मदतीच्या नोंदींबद्दल, वारस गावातच राहत असतील हे लक्षात घेऊन लिहावे.

लेखन राजांच्या कारकिर्दींनुसार न बांधता जमीन, माणसे, चर्च आणि गरीब-निधी अशा चार धाग्यांनी बांधावे आणि जिथे ते एका वर्षी एकत्र येतात तिथे थांबून सविस्तर लिहावे. उदाहरणार्थ, एनक्लोजरनंतर गरीब-कर वाढला का, आणि त्याच दशकात मेथडिस्टांचे सभागृह उभे राहिले का. लेख पूर्ण झाल्यावर एक प्रत काउंटीच्या दप्तरखान्यात आणि एक स्थानिक ग्रंथालयात द्यावी. नोंदवहीची केलेली मोजणी आणि उतरवलेल्या नोंदी फ्रीरेगसारख्या स्वयंसेवी संग्रहाला द्याव्यात, मात्र देण्यापूर्वी दुसऱ्या माणसाकडून किमान एक दशक मूळ पानांशी ताडून घ्यावे.